हरळीच्या काश्या

बापाच्या पाठीत मी रबरी पाइप घातला, तो लॉनसाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला सज्जन समजायला नको.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या गोदामांत भरत होत्या, पाट्यांचा रंग वाळायचा होता, आणि बदलीवर आलेले आम्ही कारकून स्वतःला जिल्ह्याचे मालक समजत होतो. मी नांदेड जिल्ह्यातला, धर्माबादकडचा. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी माझी आणि पहिलं क्वार्टरही माझंच. दारापुढे चार बाजा मावतील एवढी मोकळी जागा होती. मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढे हिरवंगार लॉन होतं, म्हणून मलाही हवं झालं. त्यांच्या माळ्याच्या हातापाया पडून हरळी आणली आणि दाटीनं लावली.

मग पावसानं सलग दगा दिला. नळ कोरडे पडले, टँकर सुरू झाले. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरत, गडी गचांड्या धरत. एकदा एकीनं दुसरीच्या कपाळात घागर घातली. रक्त ठिबकून खालच्या बादलीत पडलं. ती बादली कोणी ओतून दिली नाही, जिची होती ती तशीच घेऊन गेली.

आणि त्या पाण्यातल्या दोन बादल्या मी रोज लॉनला घालत होतो. ड्रमला पाइप लावायचा आणि फाटकाकडे पाठ करून उभं राहायचं, कोणाला दिसू नये म्हणून. बायको म्हणायची, "माणसाला न्हाई अन् गवताला पाजून राहिलात. लाज कशी वाटत न्हाई?" वाटत होती. पण हिरवळीवर खुर्ची टाकून बसलं की ती विसरत होती.

त्याच उन्हाळ्यात माय गेली. बा गावात एकटा राहिला. मी जाऊन त्याला घेऊन आलो. म्हणालो, "आता कुदळ धरायची न्हाई. आमच्यापाशी राहायचं." तो म्हणाला, "बघू. करमलं तर राहतो." त्यानं राहावं, एवढी एकच गोष्ट तेव्हा मला मनापासून हवी होती.

बानं जन्मभर हरळीच खांदली होती. काळ्या रानात ती शिरली की पिकाचा घास घेते. जमिनीखाली तिच्या पांढऱ्या, गाठीगाठींच्या आडव्या मुळ्या पसरतात, त्यांना काश्या म्हणतात. बोटभर काशी मागं राहिली तरी सगळं वावर पुन्हा धरतं. म्हणून भर उन्हाळ्यात, भेगाळलेली ढेकळं फोडत, हातभर खोल जाऊन ती काढायची. आम्हाला स्वतःचं रान नव्हतं, दुसऱ्याची हरळी मात्र भरपूर होती. एकदा खांदलेल्या पट्ट्यात मालकाला काशी सापडली. त्यानं बैलाचा आसूड उचलला आणि बाच्या पाठीत ओढला. बानं वळून पाहिलं नाही, खांदत राहिला. मी बांधावरून ते पाहिलं होतं. तो आवाज मला पाठ होता.

बा येऊन आठवडा झाला असेल. त्या दुपारी टँकरवर माझी एका शिपायाशी जुंपली. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात हलला. मी त्याचा हात पिरगळला, त्याची कळशी लाथेनं उडवली. एवढं करून अर्धी बादली पाणी घेऊन, तोंडातलं रक्त थुंकत घरी आलो.

दारापुढे लॉन नव्हतं. काळी ढेकळं उलथून पडली होती आणि कोपऱ्यात काश्यांचा ढीग होता. बा शेजाऱ्याची कुदळ घेऊन घामाघूम उभा होता. मला पाहून खुशीत हसला.

"लई माजली होती रं हरळी. तुला कचेरीतून येळ कुठला? म्हनलं, लेकराच्या दारात ही अवदसा कशाला. फाटकाजवळ एवढा पट्टा उरलाय बघ."

माझ्या हाताला पाइप लागला. एक बसला, दुसरा बसला. तिसरा बायकोनं स्वतःच्या दंडावर घेतला. आवाज तोच होता.

बानं वळून पाहिलं नाही. उरलेला पट्टा खांदला. काश्या पेटवल्या, जळेपर्यंत उभा राहिला. कुदळ मातीनं पुसून शेजारी देऊन आला. टोपी घातली आणि बायकोला म्हणाला, "येतो सूनबाई." मी उंबऱ्यातच बसून होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याही वेळी लॉन गेल्याचा राग उरला होता. मी त्याला थांबवलं नाही.

मग उघड्या जमिनीची धूळ ताटात यायला लागली. पुन्हा गवत लावलं तर माहेरी जाईन, असं बायकोनं बजावलं. चाकूरच्या माहेराहून तिनं घोळीचं बी आणलं. घोळ म्हणजे जाड पानांची, भुईला धरून पसरणारी भाजी. ड्रमच्या जवळ ती टाकली. रेणापूरच्या वाटेवर एका आटलेल्या ओढ्यात बारक्या पांढऱ्या फुलांची वेल जमिनीला चिकटून जिवंत होती, ती मी फाटकापाशी लावली. भिंतीकडे 'ऑफिस टाइम'. ती फुलं दहाला उमलतात, आमच्या कचेरीत दहाला येणारं तेवढंच होतं. भांड्यांच्या धुवणावर सगळं जगलं. वर्षभरात माती दिसेनाशी झाली. साहेबांचं लॉन तोवर वाळून पिवळं पडलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला, हेही लपवत नाही.

दारची घोळ फडक्यात बांधून मी गावी गेलो. दीड वर्षानं जात होतो. बानं चुलीवर भाजी केली, मला वाढली, स्वतः घेतली. माफी मागायचे शब्द मी गाडीत घोकले होते. "दारातलीच हाय," एवढं म्हणालो.

"ग्वाड हाय," बा म्हणाला. भाकरी मोडत त्यानं विचारलं, "हरळी आली का रं पुन्हा?"

"न्हाई."

"येईल. फाटकाजवळच्या पट्ट्यात येईल. तिथं नीट खांदणं झालं न्हाई." तो ताटाकडे पाहत म्हणाला, "हात लटलट कापून राहिले होते माझे."

पुढच्या पावसाळ्यात ती आली. बरोबर तिथंच, वेलीतून वर, वीतभर. बा पुन्हा लातूरला आला नाही, आणि आता तो नाही. पुढे घर बांधलं, तेव्हा वेल तिथल्या फाटकापाशी लावली, तिच्याबरोबर हरळीही मातीसकट आली. बाकी अंगणात कुठं दिसली तर कोपरापर्यंत हात घालून काढतो. फाटकाजवळच्या त्या वीतभर जागेत मी कुदळ घातलेली नाही.