कोजागरीनंतरचा डेक

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या होडीवर पाय ठेवला आणि तो सर्रकन पुढे गेला. कठडा हाताशी होता म्हणून वाचलो. खाली पाहिलं तर डेकभर दुधाची वाळून पुन्हा दवाने भिजलेली साय, साखरेचा चिकटा, त्यात चारोळ्या आणि केशराचे पिवळे डाग. मुंग्यांनी रांगा लावल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या सकाळी मला कळलं.

हा डेक मी साधा ठेवलेला नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालो त्याच वर्षी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. तिचं माहेर इथलंच, मंगला गौरीच्या गल्लीतलं, म्हणून आम्ही काशी सोडली नाही. बोलणं परत आलं, हात बराचसा आला, डावा पाय मात्र ओढत राहिला. घरातली फरशी गुळगुळीत, त्यामुळे ती भिंतीला धरून चालते. गल्लीत, पायऱ्यांवर कुणाचा तरी हात लागतोच. मग मी एका मल्लाह नावाड्याकडून ही जुनी छोटी मोटारबोट घेतली, पंचगंगा घाटाला बांधली आणि डेकला रंग देताना त्यात चाळलेली वाळू मिसळली. वाळला तेव्हा तळव्यांना टोचेल इतका खरखरीत झाला. तिथे ती अनवाणी, कुणालाही न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. साऱ्या काशीत तिला एकटीने चालता येईल अशी जागा तेवढीच.

आणि तिथे तिच्या माहेरच्यांनी दूध सांडलं होतं!

कोजागरीला मला ताप होता. दरवर्षी तिच्या भावाकडची मंडळी गच्चीवर दूध आटवतात, या वर्षी हौस आली होडीवर. 'मी जाते, तुम्ही झोपा,' असं म्हणून ती माझ्याशिवाय गेली आणि परत आली ती खुशीत. दूध उतू गेलं म्हणाली, सगळे हसले म्हणाली. उतू गेलेलं दूध कुणी पुसलं, हे विचारायचं मला तापात सुचलं नाही.

असा खरखरीत डेक घाण झाला की वरून कळत नाही, पायालाच कळतं. वाळूच्या कणांमधल्या खाचांत स्निग्ध काहीही बसलं की खरखर मरते आणि वर पाणी पडलं की घसरगुंडी होते. तिथे पोछा चालत नाही. पोछा साय आणखी आत दाबतो आणि स्वतःचे धागे कणांना अडकवून ठेवतो. कुणीतरी पोछा फिरवलेलाही दिसत होता, कारण एका कोपऱ्यात धाग्यांची दाढी उगवली होती. म्हणजे कुणीतरी सुरुवात केली आणि हात झटकून मोकळं झालं!

मी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला.

"भावोजी, बरं वाटतंय का आता?" तो म्हणाला.

"माझं सोड. हे काय करून ठेवलंत? ती इथे चालते, ठाऊक आहे ना तुला? पडली तर कोण उचलणार?"

"अहो ऐका तर, ताईनेच..."

"ताईचं नाव पुढे करू नकोस! खायला सगळे पुढे, निस्तरायला मी!" आणि मी फोन ठेवून दिला.

मग मी कामाला लागलो. पूर आताच ओसरलेला, घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ अजून पाइपाने धुतला जात होता. नदीच्या पाण्याने डेक धुवावा तर त्यातली बारीक माती खाचांत बसते. म्हणून वरच्या नळावरून बादल्या भरून आणू लागलो. ओळखीचे एक गुरुजी स्नान करून वर चालले होते. त्यांनी हटकलंच.

"गंगेत उभे आहात आणि नळाचं पाणी आणता?"

"तुमच्या सोवळ्याला गाळ चालत असेल, माझ्या डेकला चालत नाही," मी म्हणालो. एरवी मी त्यांना वाकून नमस्कार करतो.

कोमट पाण्यासाठी बोटीवरचा स्टोव्ह पेटवला. त्यालाही दूध करपून चिकटलेलं! साबणाचं पाणी टाकून थोडं मुरू दिलं आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलो. एकाच दिशेने घासून भागत नाही, गोल गोल, मग आडवं, मग उभं घासावं लागतं. वीतभर जागा झाली की लगेच पाण्याने काढायची, नाहीतर वाळलेला साबण सायीपेक्षा वाईट. अंगात कणकण होती, गुडघे सोलवटले होते आणि तोंडाने सासरच्या तीन पिढ्यांचा उद्धार चालू होता. खरं सांगायचं तर त्या रागात मला बरंही वाटत होतं. दोन वर्षांत ज्याच्यावर ओरडता येईल असं काही हाती लागलं नव्हतं. झटक्यावर कुठे ओरडणार?

शेवटची बादली ओतली, चप्पल काढून सगळीकडे फिरून पाहिलं. तळवे टोचले. तेवढ्यात वरून मेव्हणा तिला हाताला धरून पायऱ्या उतरवत आणताना दिसला. त्याच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. तो माझ्याकडे बघेना.

"ये," मी म्हणालो, "आता बिनधास्त चाल. लख्ख केलाय."

ती होडीत आली, भावाचा हात सोडला, दोन पावलं टाकली आणि थांबली.

"कुणी धुतलं?"

"मी. तुझ्या माणसांनी नुसता पोछा मारून..."

"मीच थांबवलं त्यांना," ती म्हणाली. "वहिनीच्या हातातून पोछा काढून घेतला मी. म्हटलं, हात लावू नका, सकाळी मी घासणार आहे."

तिने पिशवी उघडली. आत तिचा बसायचा बुटका पाट, साबण आणि नवा ब्रश होता.

"अगं, तुला कसं..."

"विचारलंत मला? घरात उठून पाणी घेऊ देत नाही तुम्ही. पोळपाट हातातून काढून घेता. तुम्हाला संताप आला की ब्रश तरी घेऊन बसता. मला येतो तेव्हा मी काय करू? भिंत धरू?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"उतरा," ती म्हणाली. मेव्हण्यालाही म्हणाली, "तू पण."

आम्ही दोघे उतरलो. पाट ठेवून ती त्यावर बसली, तेही कुणाला न धरता, आणि त्या स्वच्छ डेकवर कोरडाच ब्रश दोन्ही हातांनी दाबून घासू लागली. पायरीवर मेव्हणा माझ्या शेजारी बसला होता. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा त्याने माझा सदरा धरून मला खाली बसवलं.