टॉवेल, टोपी आणि भारतरत्न

आमच्या घरात टॉवेल विकत आणलेला मला आठवत नाही. लग्न, वास्तुशांत, कुणाचा निरोप समारंभ, काहीही असो, आबा स्टेजवर बसायचे आणि परत येताना टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन यायचे. आबा म्हणजे माझे आजोबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. टॉवेल इतके पातळ असायचे की अंग पुसूनही ओलं राहायचं. म्हणून आई ते दुसऱ्यांच्या कार्यक्रमात आहेर म्हणून पुढे देऊन टाकायची. एकदा आमच्याच घरून गेलेला टॉवेल, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट, सत्कारात आबांच्या खांद्यावर परत आला होता.

एवढे सत्कार झालेल्या माणसाला एक सत्कार मात्र मिळाला नाही. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार. दर वर्षी तो दुसऱ्या कुणाला तरी जायचा आणि तो दुसरा कुणीतरी नेमका सभापतींच्या ओळखीतला निघायचा. आबा हसून "चालायचंच" म्हणायचे आणि मग दोन-तीन दिवस जेवताना बोलायचे नाहीत.

त्यामुळे देशाचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला की आमच्या ओट्यावर त्याची फेरतपासणी व्हायची. गाणाऱ्यांना, खेळणाऱ्यांना, शास्त्रज्ञांना आबांची हरकत नसायची. पुढाऱ्याचं नाव दिसलं की चष्मा वर सरकवून विचारायचे, "निवडणूक कवा हाय?" हयात नसलेल्या माणसाला मिळाला तर म्हणायचे, "देणाऱ्याला बरं असतंय. मेलेला माणूस उलटून बोलत न्हाई."

आबांचे पुतणे, म्हणजे माझे चुलत काका, यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. उभं राहण्याआधी फ्लेक्सवर यावं लागतं आणि फ्लेक्सवर यायला निमित्त लागतं. आबांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. एका शनिवारी मी परभणीहून गावी निघाले, तेव्हा जिंतूरच्या बसस्टँडसमोर आबा आभाळात दिसले. 'आमच्या आबांना भारतरत्न मिळालाच पाहिजे.' खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या तीन रांगा. आबांचा फोटो काकांच्या फोटोपेक्षा जरा लहान होता.

घरी पोचले तर काका माझीच वाट बघत बसलेले.

"माय, तू इंग्लिश मिडियमची. दिल्लीला मागणी इंग्लिशमधी लिहायची, अन् वाढदिवसाला स्टेजवर वाचून दाखवायची."

"काका, समोर बसलेल्या लोकांना इंग्लिश कसं कळेल?"

"न्हाई कळणार. म्हणून तर वजन पडतंय."

घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच. औषधाच्या पाकिटावरचं वाचायचं, वॉशिंग मशीनचं पुस्तक वाचायचं, आता राष्ट्रपतींशी बोलायचं. बसमध्ये "थांबवा" म्हणायला लाजून पुढच्या थांब्यावर उतरलेली मुलगी मी. नाही म्हणायलाही मला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी मान हलवली.

आबा सुरुवातीला हसले. "काय बी खूळ काढायलाय ह्यो," एवढंच म्हणाले. पण पुढच्या शनिवारी मी आले तर त्यांनी नवीन जाकीट शिवायला टाकलं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी ते अंगणात छाती काढून चालताना दिसले. माझ्या फोनवर त्यांनी मला राष्ट्रपती भवनातल्या समारंभाचा व्हिडिओ लावायला सांगितला आणि पुन्हा पुन्हा बघितला.

"एवढं चालत जायचं. मंग वाकायचं का हात जोडायचे?"

मी त्यांच्याबरोबर फाट्यावरच्या हॉटेलात गेले, तर हॉटेलवाला ओरडला, "या, भारतरत्न! हाफ का फुल?" बाकड्यावरच्या सगळ्यांनी चहात तोंडं घातली. आबा ताठ बसले आणि म्हणाले, "फुल." हसणाऱ्यांचं मला एवढं वाटलं नाही. आबांना ते हसणं ऐकूच आलं नव्हतं, त्याची मला भीती वाटली. आदर्श शिक्षक हुकला तेव्हा ते दोन-तीन दिवस गप्प राहायचे. हे हुकल्यावर किती दिवस गप्प राहतील?

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी ते एकटेच ओट्यावर शेंगा फोडत होते. मी शेजारी बसले आणि शेंगांकडे बघत सांगून टाकलं. या सन्मानाला अर्ज नसतो. पंतप्रधान राष्ट्रपतींना नाव सुचवतात. पैसे मिळत नाहीत. पिंपळाच्या पानासारखं एक पदक मिळतं.

"पैशाचं न्हाई काही," आबा म्हणाले.

"आणि तो नावाला जोडता येत नाही. पुढंही नाही, मागंही नाही. मिळाला होता असं फक्त सांगता येतं."

आबांचा हात थांबला. "नावापुढं लावायचाच न्हाई?"

"नाही."

"मंग लोकायला कळणार कसं?"

आबांनी बरेच दाणे टोपलीऐवजी फोलपटात टाकले. मग म्हणाले, "तुझ्या काकाला सांगू नको आज. जेवणार न्हाई त्यो."

दुसऱ्या दिवशी मंडप भरला होता. आबांच्या खांद्यावर इतके टॉवेल चढले होते की त्यांची मान दिसत नव्हती. काकांनी माईकवर माझं नाव पुकारलं. मी कागद घेऊन उठले. मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. वीज जावी, आणि आबांनी माझ्याकडे बघू नये.

वीज गेली नाही. आबांनी बघितलं. ते खुर्चीतून उठले, टॉवेल सावरत माईकपाशी आले आणि माझ्या हातातला कागद घेऊन चार घड्या करून नव्या जाकिटाच्या खिशात ठेवला.

"पोरीनं लय चांगलं लिहिलंय," ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "पण मला भारतरत्न नको. मी नाकारायलोय. माझ्या हाताखालून गेलेली पोरं समोर बसलीत. त्यायच्यापेक्षा मोठं मला काही घ्यायचं न्हाई. बसा खाली."

सगळे खाली बसले. काही जण आधीच बसलेले होते, तेही जरा अजून खाली सरकले. काकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर काहीतरी उजळत गेलं. त्यांनी पहिली टाळी वाजवली.

सोमवारी परत जाताना जिंतूरला नवा फ्लेक्स लागलेला होता. 'भारतरत्न नाकारणारे मराठवाड्याचे सुपुत्र.' शुभेच्छुकांच्या रांगा तीनच्या पाच झाल्या होत्या. या वेळी आबांचा फोटो मोठा होता. दिल्लीने हा सन्मान देऊ केला होता का, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या बाई शेजारणीला सांगत होत्या, "म्हाताऱ्यानं तोंडावर परत केला म्हणे." त्यांना दुरुस्त करायला मागून बोलावं लागलं असतं.

पुढच्या महिन्यात येलदरीकडच्या एका निवृत्त तलाठ्यांनीही आपल्या वाढदिवसाला भारतरत्न नाकारला. आबांना ते आवडलं नाही. "त्याला कोण द्यायलं होतं?" ते म्हणाले. फाट्यावरचा हॉटेलवाला आता आबांना "गुरुजी" म्हणतो, हाफ का फुल विचारत नाही, फुलच देतो. बाकड्यावर कुणी हसत नाही.

एका शनिवारी मी धीर करून विचारलं. आबा नेहमीसारखे ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, खांद्यावर त्याच दिवशी एका सत्कारात मिळालेला टॉवेल.

"आबा, पण तुम्हाला तो कुणी दिलाच नव्हता."

"आदर्श शिक्षक तरी कुणी दिला होता?" त्यांनी पान उलटलं. "तवा नाकारायचं सुचलं न्हाई, येवढंच. सुचलं असतं तर येवढी वर्षं आशेवर बसलो नसतो."

मग टॉवेलनं त्यांनी चष्मा पुसला. तो पुसला गेला नाही. त्यांनी धोतराचा सोगा घेतला.