सुतळीचे खोके

"तू करंज्यांना हात लावू नको. तू निस्ती नावं लिव."

चेअरमनबाई असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात करंजीच होती. खोक्यात ठेवणार होते. हात तसाच राहिला. मिशनच्या खोलीत आठ-दहा बायका बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला नाताळ. मुरुमच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. विहिरींना कोरड पडलेली. आमची अख्खी वस्ती खडी फोडायला जायची आणि पोरं कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढायची. मी मॅट्रिक झालेली, वस्तीतली पहिली मुलगी. बौद्ध होऊन आम्हाला सोळा वर्षं झाली होती. पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो.

मिशनच्या पाद्रीबाईंनी ठरवलं, यंदा सगळ्या गरीब पोरांना नाताळची भेट द्यायची. जात बघायची नाही, धर्म बघायचा नाही. मुरुमच्या दुकानांतून बुटांचे रिकामे खोके मागून आणले. एकेका खोक्यात टॉवेल, साबण, पाटीवरची पेन्सिल आणि चार करंज्या. पीठ-तेल मिशनला बाहेरून आलेलं. तळण मात्र सोसायटीच्या चेअरमनच्या घरी झालं, कारण मोठी कढई त्यांच्याकडं. चेअरमनबाई महिला मंडळ घेऊन मदतीला आल्या. माझं अक्षर वळणदार म्हणून नावांच्या चिठ्ठ्या लिहायला मला बोलावलं. चेअरमनबाईंनी शब्दही दिला होता, "नाताळ होऊं दे. गावात बालवाडी निघतीय, तिथं तुझंच नाव घालायला सांगते आमच्या मालकांना." त्या एका शब्दावर मी आठ दिवस हवेत होते.

चिठ्ठ्या लवकर लिहून झाल्या. हात रिकामा होता, म्हणून करंज्या भरायला बसले. भर असं कुणी सांगितलं नव्हतं, नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. वीसेक खोके भरले आणि चेअरमनबाई आत आल्या.

त्यांनी मी भरलेले खोके पायानं बाजूला सारले. "हे तुमच्या वस्तीला जाऊं दे. ह्यास्नी सुतळी बांध. बाकीच्यास्नी लाल फीत. म्हंजे घोळ व्हायचा न्हाय."

"का बाई?" मी विचारलं.

"गावातल्या बायका लेकरांला खाऊं देणार न्हाईत गं. अन्न वाया जाईल. दुष्काळ हाय. माझं काय न्हाय."

माझं काय न्हाय. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. ज्याचं त्याचं कधीच काही नसतं. मग असतं कुणाचं?

मी सुतळी बांधली. हे सांगताना अजून संताप येतो, बाईंचा नाही, माझा. रडले नाही, उठून गेले नाही. उलट गाठ पक्की बसावी म्हणून दातानं ओढली. डोळ्यांपुढं बालवाडी होती ना! वस्तीतल्या पोरांच्या चिठ्ठ्या एकेक करून चिकटवल्या. त्यात माझ्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी होती. माझ्याच वळणदार अक्षरात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटप होतं. दुपारी बायका जेवायला पलीकडच्या खोलीत गेल्या. मला वेगळं वाढणार हे ठाऊक होतं, म्हणून भूक नाही म्हटलं. खोक्यांपाशी मी एकटीच. एका खोक्याची सुतळी सोडली, लाल फीत बांधली, गावातल्या पोराची चिठ्ठी लावली. मग दुसरा. मग तिसरा. हसू यायला लागलं. खातील गुमान माझ्या हातची करंजी, कुणाला पत्ता लागणार?

चौथ्या खोक्याला हात थांबला. कुणालाच पत्ता लागणार नव्हता, हीच तर गोम होती. त्या सोवळ्याच राहणार. मी कोपऱ्यात बसून एकटी हसणार. आणि पुढच्या साली पुन्हा सुतळी माझ्याच दातात.

मी थांबले. बायका जेवून येईपर्यंत वाट बघितली. त्या आल्या, पदराला हात पुसत बसल्या. मग मी लाल फितीचा खोका ओढला, उघडला, एकेक करंजी हातात घेतली आणि परत ठेवली. मग पुढचा खोका.

"काय करतीस गं?"

"हात लावतीय, बाई."

"खुळी झालीस का?"

"हे खोके बुटाचे हायती, बाई. ह्यात पायताण चालतंय. माझा हात न्हाय चालत?"

बायका चेअरमनबाईंकडं बघायला लागल्या. पाद्रीबाई तेवढ्या जवळ आल्या. "सणाच्या दिवशी भांडण नको, बाळ." त्यांच्या आज्याचं घर आमच्याच वस्तीत होतं, असं माझी माय सांगायची. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली.

चेअरमनबाई ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मग कुणालाच नको." बायकांनी सगळे खोके उघडले, फितीचे आणि सुतळीचेही, आणि करंज्या पाटीत ओतल्या. त्या पाट्या चेअरमनच्या म्हशीपुढं गेल्या. काल वाया जाईल म्हणून ज्यांचा जीव तुटत होता, त्याच बाईंनी पाठवल्या.

पोरांना टॉवेल, साबण, पेन्सिल मिळाली. धाकटीनं खोका दोनदा उलटा करून बघितला. माय खडीवरून आली, तिला आधीच कळलं होतं. "लेकरांच्या तोंडचा घास म्हशीला घातलास. काय मिळिवलंस?"

बालवाडीवर दुसरीचं नाव लागलं. चार दिवसांनी मीही मायबरोबर खडी फोडायला गेले. वळणदार अक्षराच्या हाताला फोड आले. वस्तीतल्या बायका महिनाभर टोमणे मारत होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? उपाशी लेकराला स्वाभिमान चाटायला देता येत नाही. पण म्हणून सुतळीची गाठ बरोबर ठरते का?

पुढच्या नाताळाला मिशनचा शिपाई दारात आला. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. तुझ्यासारखं अक्षर गावात कुणाचं नाही, चेअरमनबाईंनी झालं-गेलं विसरायला सांगितलंय, म्हणाला. गठ्ठ्यावर सुतळीचा गुंडा ठेवलेला होता.

माय चुलीपुढं होती. भाकरी थापायची थांबली.

मी गुंडा उचलून शिपायाच्या हातात दिला. वर चिठ्ठ्या ठेवल्या. "बाईंस्नी जाऊन सांगा. हात लिवायला चालतोय तर भरायला बी चालला पायजे. न्हायतर माझ्या अक्षरातलं एक नाव मिळायचं न्हाय."

त्यांना मिळालं नाही. आजपर्यंत नाही.