ओल्या पायाखालची फरशी

भुईगावच्या बाजूला मासळी बाजाराची शेड बांधत होते. देखरेखीला मी होते, नुकतीच नोकरीला लागलेली इंजिनियर. तिथे वर्षानुवर्षं बसणारी एक म्हातारी मासेवाली मला म्हणाली, "बाय, फरशी कसली पन घाल. पन पानी सांडल्यावर पाय घसरता कामा नये, एवढं बघ."

मी तेवढीच अट लिहून साहेबांकडे नेली. कसं करायचं ते ठेकेदारानं ठरवावं. आपण पाणी ओतून, चालून बघावं आणि मगच काम पास करावं.

साहेब हसले. "मॅडम, घसरणं कुठल्या पट्टीनं मोजणार? अंदाजपत्रकात टाइल आहे, टाइल घाला."

ठेकेदाराच्या गवंड्यानं तर उपाय करूनही दाखवला होता. ओल्या काँक्रीटवर खराट्यानं रेघा ओढून त्यानं एक तुकडा तयार केला. तो सुकल्यावर त्यावर मासळीचं पाणी ओतून आम्ही दोघं अनवाणी चाललो. पाय घट्ट बसत होता. पण अंदाजपत्रकात नाही म्हणून साहेबांनी तो फोडायला लावला. मी नुसती बघत उभी राहिले, याचाच मला अजून राग येतो.

चकचकीत टाइल बसली. जाडी बरोबर, रंग बरोबर. कागदावर सह्या झाल्या, त्यात माझीही. आठवडाभरात तीच म्हातारी डोक्यावरच्या पाटीसकट आपटली. मनगट मोडलं.

"काम नियमाप्रमाणेच झालंय ना?" साहेबांनी विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग चला, चप्पल काढून चालून दाखवा."

ते आले. बूट घालून दारातच उभे राहिले, फोटो काढला आणि गेले.

म्हातारी प्लास्टरमधला हात घेऊन समोर आली. "सांगितलेलं ना बाय तुला?" मला मान वर करवेना.

शेवटी बायकांनीच आत बसायचं सोडलं. पाट्या घेऊन सगळ्या रस्त्यावर बसल्या, वाहतूक अडली, तेव्हा कुठे टाइल उखडायचा हुकूम निघाला. त्याच गवंड्यानं पूर्ण जमीन खराट्यानं रेघा ओढून केली. त्यानंतर तिथे कुणी पडलं नाही.

फाइलमध्ये या कामाला 'किरकोळ दुरुस्ती' म्हटलंय. गवंड्याचा उल्लेख नाही, म्हातारीचाही नाही. तिच्या जागेवर आता सून बसते, कारण म्हातारीला त्या हातानं पाटी उचलवत नाही. आणि साहेबांना परवा बढती मिळाली. ऑफिसात पेढे वाटले. मी घेतला नाही.