न चुकलेला खिळा

गनीभाईंना घोड्याचा खूर उचलायला कधी जोर लावावा लागत नाही. पायावरून बोटं खाली नेतात, काहीतरी पुटपुटतात आणि घोडं आपणहून पाय देतं. जामखेड तालुक्यातल्या माझ्या सासरच्या गावात ते चाळीस वर्षं नालबंद आहेत, घोड्यांना नाल मारतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी माळावर घोड्यांची शर्यत असते. त्या दुपारी प्रत्येक घोडा आधी त्यांच्यापुढे येतो. ते चारही खूर हातोडीने वाजवून बघतात आणि पुढच्या उजव्या खुरावर खडूची रेघ ओढतात. रेघ नसेल तर घोडा शर्यत सुटते त्या चुन्याच्या पट्ट्यावर उभा करत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही. गनीभाईंचा हात चुकत नाही, एवढ्यावरच तो चालत आला.

यंदा तो माझ्यामुळे मोडला.

माझी मुलगी पंकजा एकोणीस वर्षांची आहे. आम्ही शहरात, सावेडीत राहतो, पण तिचा जीव गावाकडे, आजोबांच्या चिमणी नावाच्या घोडीत. यंदा शर्यतीत ती एकटीच मुलगी होती. गेल्या वर्षी त्याच माळावर एक स्वार पडताना मी पाहिला होता. मागचे घोडे त्याच्या अंगावरून गेले. तो अजून काठी घेऊन चालतो. मी तिला रागावून सांगितलं, रडून सांगितलं.

"आई, मी दूध आणायला स्कूटीवर निघाले तरी तू हेल्मेटचा पट्टा ओढून बघतेस," ती म्हणाली. "तुझी भीती संपायची वाट बघत बसले तर मी म्हातारी होईन."

शर्यतीच्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. घोडे घेऊन आलेल्या टेम्पोंच्या मागून, कुणाला दिसणार नाही अशी, मी गनीभाईंच्या लिंबाखाली गेले.

"चिमणी लंगडतेय असं सांगा."

"लंगडत न्हाई ती."

"माहीत आहे. तरी सांगा."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "ताई, घोडीला खोट लावली तर उद्या तिला कुनी दारात उभं करनार न्हाई. मुकं जनावर हाय. ते आपली बाजू कुठं सांगनार?"

त्यावर मी जे बोलले ते आठवलं की अजून कान तापतात. "तुमच्या अलफियाला बसवलं असतं का?"

अलफिया त्यांची नात, पंकजाच्याच वयाची. त्यांनी हातोडी पुन्हा उचलली. मी हात जोडले आणि तिथून निघाले.

थोड्या वेळाने पंकजा चिमणीला घेऊन आली. "चाचा, रेघ जरा जाड ओढा, लांबून दिसली पाहिजे!"

गनीभाईंनी तीन खूर वाजवले. चौथ्यापाशी थांबले.

"बेटा, आज न्हाई पळवायची. परवा नाल मारताना माझा खिळा आत गेलाय, जिवंत मासाला लागंल. घोडीत खोट न्हाई. चूक माझ्या हाताची हाय."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी तो नाल उपसून काढला.

"गनीभाई, चष्मा बदला आता!" कुणीतरी ओरडलं.

"चष्मा कशाला, नालबंदच बदला की!"

हशा झाला. गनीभाईंचा खिळा चुकल्याचं पुकारणाऱ्याने भोंग्यावरूनही सांगितलं. रेघा ओढलेले चार-पाच घोडे लोकांनी परत फिरवले आणि कर्जतहून आलेल्या एका तरुण नालबंदाकडे दाखवायला नेले. पंकजा रडली नाही. "हात थकला होता तर सांगायचं ना, चाचा," एवढंच म्हणाली.

"व्हय बेटा. सांगायला पायजे हुतं."

मी पाच पावलांवर उसाचा रस घेऊन उभी होते. झेंडा पडला, घोडे सुटले, धूळ उठली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. त्या दिवशी कुणीच पडलं नाही.

पुढचा महिनाभर मी गप्प राहिले. चिमणीचे नाल बदलायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांचा फोन आला, "कर्जतवाल्याला बोलवू का? गनीभाईकडं आता कुनी जात न्हाई." त्या रविवारी मी पंकजाला म्हटलं, चिमणीला घेऊन गनीभाईंकडेच जायचं. वाटेत सांगणार होते, जमलं नाही. शेवटी त्यांच्या अंगणात, त्यांच्यासमोरच सांगितलं. अलफियाचं नाव घेतलं होतं, तेसुद्धा.

पंकजा माझ्याकडे बघत राहिली. गनीभाई म्हणाले, "तुमी खोटं मागितलं, मी दिलं. त्यात माझाबी वाटा हाय, ताई."

पंकजा खाली बसली. चिमणीचा पाय तिने स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. "मारा खिळा, चाचा." मला फक्त म्हणाली, "दोरी धर."

मी धरली. खिळे सरळ जात होते, एकेक.

गनीभाईंची चूक भोंग्यावरून सगळ्या माळाला ऐकू गेली होती. माझी अजून त्या अंगणाबाहेर गेलेली नाही. म्हणून हे लिहिलं. उद्या गावी जाऊन सासऱ्यांना वाचून दाखवीन, आणि शनिवारच्या बाजारात, जिथे घोडेवाले चहाला बसतात, तिथे मी स्वतः उभी राहून वाचीन.