टांगलेल्या पेंड्या

आगमनकाळ लागला, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार सुरू झाले, की आमच्या मंडळीतलं कोणीतरी मला ती गोष्ट सांगायला उभं करतं. विधवेची आणि पोचट धानाची. नवरा तापानं गेलेला, शेतातल्या लोंब्यांत दाणा नाही, तरी ती बाई देवळात सगळ्यांसमोर उभी राहते आणि देवाचे आभार मानते. चांद्याला सांगितली, गडचिरोलीला सांगितली, गोंडपिपरीच्या सभेत सांगितली. लोक डोळे पुसतात. मागच्या वर्षी एक तरुण जोडपं माझ्या पाया पडलं. त्यांचं मूल गेलं होतं. म्हणाले, या गोष्टीनं आम्हाला उभं केलं. मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, घरी आलो आणि जेवलो नाही.

गोष्ट खरी नाही. ती बाई खरी होती, धान पोचट होतं, तेही खरं. आभार मी तिच्या तोंडी घातले.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी विशीतला, नवा प्रचारक. चामोर्शीच्या पुढे जंगलाच्या कडेला एका गावात मिशननं मला पाठवलं होतं. दिवसा चौथीपर्यंतची शाळा आणि रविवारी प्रार्थना, ही माझी कामं. गावाच्या टोकाला आमच्या मंडळीची थोडकी घरं होती, मातीच्या भिंतींचं कौलारू देऊळ होतं. महिन्या-दोन महिन्यांनी चांद्याहून पाद्रीसाहेब येत. साहेब परदेशी, मनानं फार चांगले. मराठी पुण्याच्या पंडिताकडून शिकलेले, त्यामुळे पुस्तकासारखं बोलत. गावातली झाडी बोली त्यांना मुळीच समजत नसे. लोक बोलायचे आणि मी साहेबांच्या कानाशी लोकांचं मराठी दुसऱ्या मराठीत करून सांगायचो.

त्या मंडळीत एक रीत होती. मूळची गावाचीच असणार, कारण नवं धान देवाला दाखवल्याशिवाय आजूबाजूची घरंही खात नसत. आमच्या लोकांनी ती आगमनकाळाला जोडून घेतली होती. पहिल्या रविवारी प्रत्येक घरानं नव्या धानाची एक पेंडी देवळात आणायची, आडव्या वाशाला टांगायची, उभं राहून वर्षातल्या एका तरी गोष्टीबद्दल आभार मानायचे. मग घरोघरी नवा भात शिजे. टांगलेल्या पेंड्यांना मात्र नाताळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नाताळच्या दिवशी त्या उतरवून, झोडपून, कांडून त्याच तांदळाचं सगळ्यांचं जेवण व्हायचं.

त्या वर्षी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस आलाच नाही. तलावाजवळच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, कशीबशी वाचली. गोष्टीतल्या बाईची बांधी तलावापासून सगळ्यात दूर, तिथवर पाणी पोचलंच नाही. नवरा भादव्यात हिवतापानं गेला होता. नंतर तीच तापानं पडली. त्यामुळे दुसऱ्यांच्या कापणीला जाऊन धान कमवणंही तिला जमलं नाही. घरात ती आणि पाच-सहा वर्षांची मुलगी.

पहिल्या रविवारी साहेब आले. लोक एकेक करून पेंडी टांगत होते. कोणी म्हणालं, बैल वाचला. कोणी म्हणालं, सून सुखरूप बाळंत झाली. मग ही उठली. अंगात अजून कणकण असावी, कारण पेंडी टांगताना तिनं भिंतीचा आधार घेतला. आदल्या दिवशी मी तिला सांगून ठेवलं होतं, बाई, धान पोचट असलं तरी आणा, दोन शब्द बोला, देवाला ते पोचतं. ती पेंडी टांगून वळली आणि बोलली,

"मी काऊन आभार मानू? माह्या धानात दाना नाई. पोरगी पाला उकडून खाऊन राह्यली. हे इथी टांगलेलं धान नाताळपावतर कोनाच्या पोटात जाते? नाताळले जेवू घालता म्हनता. पोरीले आज भूक हाय. यातलं पायलीभर मले द्या, मंग मानीन आभार."

देवळातल्या प्रत्येकाला समजलं होतं. साहेब माझ्याकडे वाकले.

"काय म्हणाल्या त्या?"

माझी नेमणूक त्या हिवाळ्यात पक्की व्हायची होती. साहेबांच्या समोर माझ्या मंडळीत असं बोललं गेलं, याचीच मला आधी लाज वाटली. मुलीच्या भुकेची वाटली नाही. मी म्हणालो, "म्हणतात, धानात दाणा नाही, तरीसुद्धा मी देवाचे आभार मानते."

अर्धं वाक्य खरं होतं. बाकीचं मी आदल्या दिवसापासून मनात तयार ठेवलं होतं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्यासाठी लांब प्रार्थना केली. साहेबांचं पुस्तकी मराठी तिला कितपत कळलं कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं, आता धान मिळेल. प्रार्थना संपली, गाणं झालं, साहेब छकड्यात बसून गेले. धान मिळालं नाही.

अंगणात मंडळीतल्या सुईणीनं मला गाठलं. उतारवयाची, तोंडानं फटकळ. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

"गुरुजी, तुमाले आमची बोली येत नाई का?"

"येते की."

"मंग आजच काऊन विसरले?"

मी म्हणालो, साहेबांना वाईट वाटलं असतं.

"हो ना," ती म्हणाली. "सायेब बिचारा उपाशी हाय."

मला कोणी अडवलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी माझ्या वाट्याचं धान तिच्याकडे नेऊ शकलो असतो. पण नेलं तर ती काय बोलली ते मला कळलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी गेलो नाही. पुढचे दोन आठवडे तिच्या घरावरून जायचंही टाळलं, तळ्याच्या वाटेनं शाळेत गेलो.

तिसऱ्या रविवाराला आनंदाचा रविवार म्हणतात. दर रविवारी एक, अशा चार पणत्यांतली तिसरी त्या दिवशी लावायची. सकाळी लवकर देवळात गेलो, वाती ठीक केल्या आणि सहज वर पाहिलं. पेंड्या जागच्या जागी होत्या, पण हलक्या वाटल्या. एक हातात घेतली. वरून लोंब्या दिसत होत्या. आतल्या सगळ्या कोणीतरी बोटांनी ओरबाडून नेल्या होत्या, नुसता पेंढा उरला होता. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. तिची पोचट पेंडी तेवढी जशीच्या तशी.

देऊळ झाडायची पाळी घरोघरी फिरत असे. रोज एका घरची बाई येई. मला उलगडायला वेळ लागला नाही. पाळी येईल तेव्हा प्रत्येकीनं आपल्याच पेंडीतलं धान काढून नेलं होतं.

प्रार्थना उरकून मी तिच्या घराकडे निघालो. रागानं निघालो होतो, हेही लिहायला हवं. लांबूनच मुसळाचा आवाज आला. अंगणात तीन-चार बाया. उखळात धान कांडणं चाललेलं, एक सुपात पाखडत होती, सुईण चुलीशी बसली होती. आणि ती हसत होती. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं. कोणीतरी तिला चिडवत होतं, की मुसळ धरलंय का सापाचं शेपूट. तिला हसू आवरेना, मुसळ बाजूला पडलं होतं. मुलगी पळसाच्या पानावर वाफाळता भात खात होती. वर थोडं मीठ. बोटं पोळत होती तरी थांबत नव्हती.

मला पाहून हसू थांबलं.

"या, गुरुजी," सुईण म्हणाली. "सायेबानं इचारलं तं सांगा, उंदरानं खाल्लं म्हून."

बाया पदराआड हसल्या. ती मात्र उठून पुढे आली.

"नाई," ती म्हणाली. "उंदराचं नाव नाई घ्याचं. मीच सांगीन. नाताळले सायेब आले का उभी राहीन अन् माह्या तोंडानं आभार मानीन. पयले या बायांचे, मंग देवाचे. त्या दिवशी नोती आली आभारांची गोठ माह्या मनात. आज आली."

मग तिनं एका पानावर भात वाढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी बसलो. खाल्लं. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, त्याला एक गोडसर वास असतो, तो अंगणभर होता. तिनं विचारलं, "कसा झाला?" मी काही बोललो नाही. घास गिळता गिळता माझ्या मनात एकच चाललं होतं: ही उभी राहिली तर साहेब म्हणतील, पण आभार तर यांनी आधीच मानले होते.

नाताळला साहेब आले. देऊळ सारवलेलं, दाराला आंब्याची पानं. साहेबांनी स्वतः हात वर करून पेंडी उतरवली, हलवून बघितली, दुसरी उतरवली. "यात तर काहीच नाही," ते म्हणाले. बायांच्या बाजूला ती उभी राहिली. धुतलेलं लुगडं, मुलीचा हात हातात. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो,

"उंदीर, साहेब. यंदा उंदीर फार झाले."

ती तशीच उभी राहिली. सुईणीनं माझ्याकडे पाहिलं. साहेब हसले, म्हणाले, उंदरांचाही नाताळ झाला. लोक थोडे हसले. ती खाली बसली. घरोघरून मूठमूठ तांदूळ आणून त्या दिवसाचं जेवण झालं. साहेबांनी जाताना सांगितलं, पुढच्या वर्षीपासून पेंड्या टांगू नका, धान गुरुजींच्या घरी कुलपाच्या पेटीत ठेवा. तसंच झालं. पुढची जेवढी वर्षं मी तिथं होतो, तेवढी वर्षं आगमनकाळातलं धान माझ्याच घरी पेटीत असे आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. कोणाही बाईला आपल्या पेंडीतलं मूठभर काढून कोणाला देता आलं नाही. ज्यांना द्यावं अशी उपाशी घरं दरवर्षी असत.

माझी नेमणूक पक्की झाली. साहेबांनी त्या विधवेची गोष्ट चांद्याला सांगितली, मग इतर गावांत. काही वर्षांनी साहेब मायदेशी परतले आणि ती गोष्ट माझी झाली.

फाल्गुनात ती मुलीला घेऊन सिरोंच्याकडे भावाच्या गावी निघाली. जाताना शाळेच्या दारात थांबली. आत आली नाही.

"गुरुजी, माह्या वाटचं बोलनं दोनदा तुमीच बोलले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "येतो मी."

त्यानंतर तिची गाठ पडली नाही. त्या बाजूला जाणं झालं तेव्हा मी चौकशी केली नाही. सापडली असती तर काय बोललो असतो, ठाऊक नाही.

यंदा तिसऱ्या रविवारी मला पुन्हा उभं राहायला सांगितलं आहे. मी हेच वाचून दाखवणार आहे. ते जोडपं समोर बसलेलं असेल. माझ्या खोट्या गोष्टीवर ते उभे राहिले, तिच्या जागी ही खरी गोष्ट ठेवल्यावर त्यांचं काय होईल, मला सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की ती बाई भुकेल्या मुलीसमोर आभार मानायला तयार झाली नाही. भात शिजल्यावर, शेजारणींमध्ये बसून, हसून झाल्यावर तिच्या मनात आभार आले. पेंड्यांना उंदीर लागले नव्हते. त्या बायांनी आपल्या हातांनी त्या रिकाम्या केल्या होत्या.

आणि भात चांगला झाला होता, बाई. फार चांगला झाला होता.