मायची खोली आणि खिळ्यांची बंदूक

आमच्या गल्लीत बातमी पसरली ती अशी: पंक्चरवाल्याच्या बायकोनं बंदूक आणली.

बातमी खोटी नव्हती. बंदूक आली होती आणि ती मीच आणली होती. फक्त ती गोळ्यांची नव्हती, खिळ्यांची होती. पण एवढा खुलासा करायची मला काही घाई नव्हती. त्या आठवड्यात पिठाच्या गिरणीवर बायका माझा डबा आपणहून पुढं सरकवत होत्या. असा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

पण बंदूक का आणली, ते आधी सांगते.

माझी माय साखऱ्याला एकटी राहत होती. मी तिची एकुलती एक. पावसाळ्याच्या तोंडावर ती अंगणात घसरून पडली आणि शेजारीण शेळी शोधत आली नसती तर तिथंच पडून राहिली असती. मी तिला म्हटलं, आता आखाडा बाळापूरला माझ्याकडे ये. माय म्हणाली, "लेकीच्या घरी एक रात पावनी राहीन. जावयाच्या दारात कायमची पडून राहायला मी काय गाठोडं हाये?"

वर्षभर हाच वाद चालला. शेवटी माय अटीवर आली. वेगळी खोली, वेगळी चूल आणि रस्त्याकडं उघडणारं वेगळं दार. दार वेगळं म्हणजे घर वेगळं. मृग लागायच्या आत झालं तर येईन, नाही तर विषय बंद.

आमच्या घराच्या बाजूला जुन्या गोठ्याचा पक्का ओटा रिकामा होता. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. जड भिंती उभ्या करायच्या तर पाया खोल लागतो आणि वेळही. म्हणून खोली लाकडाची करायची ठरली. मायच्या बांधावरचा भला मोठा निंब वादळात पडला होता, त्याच्याच फळ्या कापून आणल्या. सुतारानं खांब उभे केले, आडवे वासे ठोकले, वर पत्रे चढवले आणि लग्नसराईचं फर्निचर करायला नांदेडला गेला. फोन केला की म्हणायचा, "निघालोच, ताई." कुठून निघाला आणि कुठं पोचला, ते त्यालाच माहीत.

राहिल्या होत्या भिंतींच्या फळ्या. त्या मी ठोकल्या असत्या, पण माझा उजवा खांदा धरलेला. हातोडा डोक्यापर्यंत गेला की पुढं जातच नाही. आमच्या ह्यांनी एक फळी ठोकून बघितली. ट्रकचं टायर हा माणूस उघड्या हातानं खोलतो, पण खिळा समोर आला की तो अंगठाच शोधतो.

"आता काय?" अंगठा तोंडात धरून हे म्हणाले.

"आता बंदूक," मी म्हणाले. सुताराकडं एकदा बघितली होती. दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या एसटीत बसले.

दुकानदारानं आधी माझ्या मागं कोणी गडीमाणूस आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. मग म्हणाला, "भाभीजी, ये लेडीज का काम नहीं."

"भैया, खिळ्याला विचारून बघा, त्याला काही फरक पडतो का."

मग त्यानं काउंटरवर बंदुका मांडल्या. मी एकेक उचलून डोक्याच्या वर धरून उभी राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघू लागली आणि बघणारे असले की मला जरा जास्तच वेळ लागतो. बॅटरीची बंदूक छान होती, पाइपाची कटकट नाही. पण बॅटरीसकट तिचं वजन माझा खांदा दोन फळ्यांतच खाली टाकून देईल असं होतं. एक लहानगी होती, तिच्या टाचणीएवढ्या खिळ्यांनी पातळ पट्ट्या बसतात, निंबाची फळी नाही. एक भलीमोठी होती, खोकी ठोकायच्या कारखान्यात शोभेल अशी. मधली होती ती हवेवर चालणारी, हातात हलकी. आणि हवा तर आमच्या घरी फुकट वाहते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ह्यांचा आधीचा, मी नंतरची.

त्या मधलीतही दोन प्रकार निघाले. एकीचा चाप दाबून धरायचा आणि नाक लाकडावर आपटत जायचं, फटाफट खिळे बसतात. दुसरीत प्रत्येक खिळ्याला आधी नाक टेकवायचं, मग चाप ओढायचा, मग दोन्ही सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

"पहली वाली लो, काम जल्दी होगा," दुकानदार म्हणाला.

"मला खोली बांधायची आहे, शर्यत नाही लावायची," मी म्हणाले आणि सावकाश असलेली घेतली. फळीच्या जाडीच्या तिपटीनं लांब खिळे घेतले, जाड काचेचे दोन चष्मे घेतले आणि कानावर लावायच्या टोपणांचा जोड घेतला. तो लावून मी एसटीत बसले होते. कंडक्टरनं काय विचारलं ते अजून मला कळलेलं नाही.

घरी ह्यांनी कॉम्प्रेसरचा काटा चढवायला घेतला. ट्रकवाल्यांची सवय. "जास्त हवा, जास्त जोर," म्हणाले.

"बंदुकीवर किती लिहिलंय ते वाचा."

"लिहिणारे लिहीत राहतात गं."

मी एका तुकड्यावर फळी ठेवून तिच्यावर नाक टेकवलं आणि चाप ओढला. खिळा फळीतून पार होऊन खालच्या तुकड्यात शिरला आणि वर नुसतं भोक उरलं. ह्यांनी गुपचूप काटा उतरवला आणि लिहिलेलं वाचलं.

त्या बंदुकीच्या नाकाशी एक सरकती लोखंडी पट्टी असते, मी तिला जीभ म्हणते. जीभ लाकडावर दाबून आत गेली तरच खिळा सुटतो. बंदूक हवेत धरून चाप ओढला तर काहीही होत नाही. हा खेळ मला फार आवडला. गल्लीतल्या बायका दारात जमल्या की मी भिंतीकडं तोंड करून बंदूक उगारायची, चाप ओढायची, त्या किंचाळायच्या, काही व्हायचं नाही आणि मी हसायची.

दोन दिवसांनी काम सुरू करायचं ठरलं आणि त्याच सकाळी माय खोली बघायला आली. पहाटेच्या जीपनं हिंगोली, तिथून एसटी. आल्या आल्या तिनं निंबाच्या फळ्यांवरून हात फिरवला, जसा गाईच्या पाठीवरून फिरवावा. मग बंदूक बघितली.

"हिची पूजा केली?"

"दसऱ्याला करू, माय."

"नवी मशीन बिनपूजेची चालवतेस? लेकीला एवढं बी शिकवलं न्हाई मी?"

पाइप काढलेलाच होता. काम चालू नसेल तेव्हा पाइप काढून ठेवायचा, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत होते. म्हणून मी निर्धास्त होते. मायनं पाट मांडला. देव उभा असावा म्हणून बंदूक नाकावर उभी केली. डुगडुगायला लागली तशी एका हातानं दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं तिच्या नाकाभोवती लाल दोरा गुंडाळला, चांगला घट्ट, निरगाठ मारून. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आमच्या ह्यांनीसुद्धा टोपी घालून हात जोडले.

मग ह्यांनी पाइप जोडला. आणि मला माझा खेळ आठवला.

"माय, घाबरू नको हां. ही फार शहाणी आहे. बघ, हवेत धरून ओढलं तर काही..."

ठाप!

खिळा ह्यांच्या, हातभर अंतरावर लावलेल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात शिरला. पुढचा आवाज आमच्या घरात रोजच्या ओळखीचा. फुस्स.

कोणाला काही लागलं नव्हतं. मी चापावरचं बोट काढलं, पाइप ओढून काढला आणि बंदूक खाली ठेवली. माय मात्र उठून उभी राहिली होती. पिशवी काखोटीला मारली होती.

"देवाचा कौल हाये हा. माहं येनं त्याला पसंत न्हाई. मी माह्या घरी बरी."

"मामी, टायर माझं फुटलं," हे म्हणाले, "तुमी काहून निघून राहिल्या?"

माय थांबली नाही. ती निघाली होती आणि ती गेली तर परत येणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या अंगणातली ती घसरण, ती शेजारणीची शेळी, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी तिची पिशवी धरली.

"एसटी दुपारची आहे. तोपर्यंत बस. देवानं केलं की कोणी केलं ते मी बघून सांगते."

खिळ्यांची पट्टी काढून घेतली. बंदूक मांडीवर उलटी ठेवून बघितलं. जीभ आत गेलेली होती आणि आतच होती. दोऱ्यानं तिला पकडून ठेवलं होतं! मायनं दाबून धरलं तेव्हा ती आत सरकली आणि वरून गाठ बसली. बंदुकीला वाटलं, आपण लाकडावर टेकलोय. मी निरगाठ दातानं सोडली. टक करून जीभ बाहेर आली.

"पुन्हा बांध," मी मायला म्हटलं.

"मी न्हाई हात लावत."

"बांध म्हणते ना."

तिनं बांधला. जीभ आत. सोडला. जीभ बाहेर. मायच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येतो. तिनं नाक जवळ घेऊन अंगठ्यानं जीभ स्वतः दाबून बघितली, सोडून बघितली. बराच वेळ तेच करत बसली.

"म्हंजी माह्या दोऱ्यानं झालं."

"दोऱ्यानं झालं. आणि माझ्या नाटकानं झालं. चाप हा दाखवायला ओढायचा नसतो. देवाला कशाला मध्ये घेतेस? त्याला काय मोटारसायकलशी वैर आहे?"

माय हसली नाही. पण पिशवी खाली ठेवली. "मंग दोरा कुठं बांधू? बिनदोऱ्याची तर न्हाई चालवू देनार."

दोरा कॉम्प्रेसरच्या कड्याला बांधला गेला. माय म्हणाली, "आता ही जीभ मी बघितल्याबिगर तू काम करायचं न्हाई. तुझा काही भरोसा न्हाई." आणि बाज ओढून ओट्यासमोर बसली.

त्या दिवशीची एसटी गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली.

रोज सकाळी माय हाक मारायची. पाइप आणि खिळे नसताना मी जीभ तुकड्यावर दाबायची.

"आत गेली?"

"गेली."

"बाहेर आली?"

"आली."

"लाव पाइप."

मी चष्मा घातला नसला तर ती काठी आपटायची. दुसरा चष्मा ती स्वतः घालायची, डोक्यावरच्या पदरावरून, आणि रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. फळीच्या पलीकडं कोणी उभं राहिलं की ओरडायची, "पलीकडं कोन हाये? निघा तिथून!" एकदा तिनं असं तिच्याच जावयाला हाकललं. चहा घेऊन आले होते बिचारे.

निंबाच्या एका फळीत गाठ होती आणि मला दिसली नाही. खिळा गाठीवर आदळून वळला आणि फळीच्या कडेतून साप निघावा तसा बाहेर आला. मायनं काठीच्या टोकानं तो दाखवला.

"तुझा डावा हात कुठं होता?"

"वीतभर लांब."

"दीड वीत ठेव." तेव्हापासून गाठ आधी खडूनं खुणावली जायची आणि ते काम मायनंच घेतलं. वरच्या ओळींसाठी मी शिडीवर चढले नाही. एका हातानं शिडी, एका हातानं बंदूक, असला प्रकार करायचा नाही हे ठरलेलं होतं. ह्यांनी रिकामी पिंपं मांडून त्यांवर जाड फळ्या बांधल्या आणि मी दोन्ही पाय रोवून उभी राहिले. खांदा दुखायचा. दुखला की पाइप काढायचा, बसायचं, शेक घ्यायचा, पुन्हा उठायचं. आभाळ रोज थोडं थोडं काळं व्हायला लागलं होतं आणि सुतार अजून निघालोच म्हणत होता.

एका संध्याकाळी आमच्या पंगतीत भाकरी मोडता मोडता ह्यांच्या डोळ्यांत मला खोडकरपणा दिसला.

"मामी, मी काय म्हणून राहिलो, तुमी तर एक रात राहणार होत्या ना? किती रात..."

मी पदराआडून त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ठसका लागला.

"काय म्हनत होते जावईबापू?" माय म्हणाली.

"काही न्हाई, मामी. भाकर चांगली झाली."

मृगाच्या दोन दिवस आधी शेवटची फळी बसली. दार लावलं, कडी बसवली, रस्त्याकडं उघडणारं दार. माय लगेच राहायला आली नाही. ती साखऱ्याला गेली, ट्रंक भरली, चुलीची माती भिजवून सोबत घेतली आणि तीन दिवसांनी पावसात, नव्यानं येते आहे अशा थाटात, जीपमधून आमच्या गल्लीत उतरली. आमच्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ तिच्या दाराकडं गेली.

चौकटीच्या कड्याला तिनं लाल दोरा बांधला. मग वाकून बघितलं, दोरा कडीला लागतो का. लागत नव्हता. तरी आत जाऊन तिनं दार लावलं, कडी सरकवली आणि आम्ही दोघं पावसात बाहेर उभे राहिलो.

"आत गेली," आतून मायचा आवाज आला.

आम्ही वाट बघत होतो. पाणी ह्यांच्या टोपीवरून गळत होतं. शेवटी कडी सरकली आणि दार उघडलं.

"बाहेर बी आली," माय म्हणाली. मग पदर डोक्यावरून पुढं ओढून दारातून बाजूला झाली. "भिजत काहून उभे, जावईबापू? या. च्या ठेवते. माहं घर हाये, लाजू नका."